मला घातलं तरी ऐकू येतं

मी एक इअरमफ. ड्रिल मशीन चालवणारे कामगार कानांवर चढवतात ना, दोन वाट्या आणि वरून कमान, तोच मी. रंग नारिंगी, तोही इतका भडक की वाळवंटात हरवलो तरी लांबून दिसेन. माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्याच तासात माझी तीनशे भावंडंही जन्मली.

माझी पहिली नोकरी शारजातल्या एका बांधकामावर. तिथले सेफ्टी ऑफिसर शार्दूल रोज सकाळी कामगारांना गोळा करत, मला स्वतःच्या डोक्यावर चढवत आणि सांगत, "भाई, कान गया तो वापस नहीं आता." सगळे माना डोलवत. मग दिवसभर माझी भावंडं त्यांच्या गळ्यात लटकत आणि साहेब दिसले की टुणकन कानांवर जात. ड्रिलवाला हमदुल्ला तर स्पष्टच म्हणायचा, "साब, इसमें बीवी का फोन सुनाई नहीं देता."

पुढे नवं सॅम्पल आलं आणि मला निवृत्ती मिळाली. शार्दूलनी परवानगी काढून मला लंचबॅगेत घातलं आणि अल मजाजमधल्या आपल्या फ्लॅटवर नेलं.

तिथे एवढी शांतता, की मला वाटलं घरात कोणी नाही. होते सगळे! पण शार्दूल भांड्यांच्या रॅकमधून चमचा काढत होते ते चोरी करत असल्यासारखे. त्यांची बारा वर्षांची मुलगी अस्मी शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची, पण सराव मात्र उशीवर. आणि सोफ्यावर अनुपमा पडून होती, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं.

अनुपमाला तीन वर्षांपासून फायब्रोमायल्जिया आहे. अंग सतत दुखतं, झोपून उठलं तरी थकवा तसाच. त्यात आवाज! सिंकमध्ये वाटी पडली की तिच्या मानेपासून खांद्यापर्यंत कळ जाई. "कान ठणठणीत आहेत," डॉक्टरांनी सांगितलं होतं, "पण आत आवाजाचं बटण कोणीतरी पूर्ण पिळून ठेवलंय." त्यामुळे मिक्सर सहा महिने कपाटात होता आणि चटणी विकतची यायची.

मला घालून तिने आरशात बघितलं. "शार्दूल, मी विमानतळावर विमानं पार्क करणाऱ्या माणसासारखी दिसतेय."

"दिस की," ते म्हणाले आणि त्यांनी मिक्सर लावला.

मी जिवाच्या कराराने वाट्या घट्ट धरल्या. अनुपमाने डोळे मिटले होते. मग एक उघडला. मग दुसरा.

"फ्रीजमध्ये नारळ आहे का?" तिने विचारलं.

त्या दिवशी इतकी चटणी झाली, की पुढचे चार दिवस ती पास्त्यालासुद्धा लावून खाल्ली.

त्यानंतर मी तिचा इतका लाडका झालो की आंघोळीपुरताच उतरायचो. पण लोकांचं एक नवल. मला बघितलं की ते आणखी मोठ्याने बोलतात! समोरच्या फ्लॅटमधल्या, रत्नागिरीच्या मरियमबी दारातूनच ओरडल्या, "अनुपमाऽऽ! सांदणं आणलीत गोऽऽ!"

"मरियमबी, हळू. आवाज कमी यावा म्हणून तर हे घातलंय."

"काऽऽय?" मरियमबी आणखी जोरात म्हणाल्या.

डॉक्टरांनी मात्र माझा लाड मोडला. "किती वेळ घालता?"

"थोडाच," अनुपमा म्हणाली. तिच्या केसांत माझी खोल खाच पडलेली होती.

"दिवसभर कान झाकलेत तर ते आणखी हळवे होतील. मिक्सर, ड्रिल, गर्दी, एवढ्यापुरतंच घाला. साध्या आवाजांची सवय हळूहळू करायची."

अपमान वाटला, पण माणूस बरोबर बोलत होता. फ्रीजवर माझं वेळापत्रक लागलं.

लोकांचा दुसरा गैरसमज असा, की मला घातलं की माणूस बहिरा होतो. अहो, मी आवाजाची धार काढतो, आवाज पुसत नाही. एकदा अनुपमा मला घालून भांडी लावत होती आणि हातभर अंतरावर शार्दूल पुण्याला फोनवर बोलत होते. "आई, तिला अजून सांगितलं नाहीये. तू तिकीट काढ, मी बघतो."

फोन ठेवल्यावर अनुपमा शांतपणे म्हणाली, "आईंना खिडकीकडची खोली देऊ. पण मालिका कमी आवाजात."

"खलास," शार्दूल पुटपुटले. तेही आम्हाला ऐकू आलं.

अशातच अस्मीच्या शाळेचं गॅदरिंग आलं. "यू डोन्ट हॅव टू कम, मम्मा," ती घाईघाईने म्हणाली. अनुपमा "बरं" म्हणाली. नंतर आरशासमोर तिने माझ्यावरून ओढणी गुंडाळून बघितली, जरा कमी दिसतो का म्हणून. मी दिसतच होतो. पोरीला आपली लाज वाटते, असं तिच्या मनाने घेतलं.

शनिवारी दुपारी वरच्या मजल्यावर ड्रिल चाललं होतं. अनुपमा मला घालून डोळे मिटून पडली होती. शेजारीच अस्मी मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "नो, नबिला, नॉट बिकॉज ऑफ द ऑरेंज थिंग! लास्ट टाइम आफ्टर द मॉल, शी कुडन्ट गेट अप फॉर टू डेज. व्हॉट इफ इट हॅपन्स बिकॉज ऑफ माय ड्रम?" आणि तिने नाक ओढलं.

अनुपमाने मला उतरवलं. वर ड्रिल चालूच होतं. "अस्मी, यातून ऐकू येतं."

अस्मीने फोन कट केला. "हाऊ मच?"

"सगळं."

"ऑल धिस टाइम?"

"मॅथ्सच्या टेस्टचंसुद्धा."

"मम्मा! दॅट्स चीटिंग!"

"असू दे. मी येणार आहे. नंतर दोन दिवस झोपावं लागलं तर झोपेन. ते माझं मी ठरवलंय, तुझ्या ड्रमचा त्यात काही दोष नाही."

गॅदरिंग दुबईत, ऊद मेथातल्या एका हॉलमध्ये होतं. आम्ही शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसलो. ओढणी नव्हती. खरं सांगतो, बारीक आवाज मी थोपवले, पण मोठ्या ड्रमचा दणका खुर्चीच्या पायांतून थेट बरगड्यांत शिरतो, तिथे माझं काही चालत नाही. अनुपमाने शार्दूलच्या तळहातात नखं रुतवली. त्यांनी हात काढला नाही. तिसऱ्या मिनिटाला सगळा बँड थांबला आणि त्या शांततेत एकच ड्रम चुकून वाजला: ढप. तो अस्मीचा होता. बँडची सहा मिनिटं पूर्ण झाली. अनुपमाने उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि आम्ही बाहेर पडलो.

पुढचे दोन दिवस ती खरोखरच उठली नाही. अस्मी वरणभाताचा वाडगा घेऊन आली, काठावर चमचा वाजू न देता.

"मम्मा, माझी मिस्टेक ऐकू आली?"

"कुठली? मी तर इअरमफ घातला होता."

अस्मीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "लायर," ती म्हणाली आणि आईचा दुखरा खांदा सांभाळत तिला चिकटून झोपली.

आता माझं वय झालंय. तेलाने आणि घामाने माझ्या गाद्यांना भेगा पडल्यात, डावी वाटी जरा कुरकुरते. स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला असतो आणि वेळापत्रकाप्रमाणे कामावर जातो.

तुमच्याकडे एकच मागणं. लिफ्टमध्ये, मॉलमध्ये मला घातलेली एखादी बाई दिसली तर ओरडू नका, हातवारे करू नका. आपलं नेहमीसारखं बोला. आणि तिच्याविषयीच काही बोलायचं असेल, तर चांगलं बोला. ती ऐकत असते.