जास्तीचा क्षार

लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर त्यांना सगळे डबलब्रेक म्हणायचे. लिफ्टचा एक ब्रेक नीट लागला तरी दुसरा तपासल्याशिवाय हा माणूस जागचा हलायचा नाही, मग खाली लोक जिन्यापाशी ताटकळत शिव्या का घालेनात. निवृत्तीनंतर ते नाव घरी आलं आणि बायको चिडली की तीही तेच वापरायला लागली. सध्या ती रोजच चिडलेली असायची, आणि त्याला कारण होती बाहेरच्या खोलीतली काचेची टाकी.

टाकी म्हणजे घरात आणून ठेवलेला समुद्रच. खारं पाणी, निळा दिवा, पाचसहा मासे, आणि नखाएवढ्या तुकड्यांपासून वाढवलेली जांभळी, हिरवी प्रवाळं. प्रवाळ दिसतं झुडपासारखं, पण तो जीव आहे. अंगाचा सांगाडा बांधायला तो पाण्यातला क्षार आणि कॅल्शियम शोषून घेतो, आणि जेवढं तो घेतो तेवढं रोज परत घालावं लागतं. कमी पडलं तर वाढ खुंटते, जास्त झालं तर टोकं जळून पांढरी पडतात. म्हणून सकाळी झाकणभर क्षाराचं पाणी आणि संध्याकाळी झाकणभर कॅल्शियमचं, हा डबलब्रेकांचा वर्षानुवर्षांचा नेम होता. त्या नेमापायी त्यांनी अजून लेकीचं घरसुद्धा पाहिलं नव्हतं.

लेकीला दुसऱ्या शहरात संसार थाटून सहा वर्षं झाली होती. बायको अधूनमधून एकटीच जाऊन यायची. डबलब्रेकांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "टाकीचं काय?" या खेपेला लेकीने फोनवर शांतपणे सांगितलं, "बाबा, आता नाही आलात तर मी पुन्हा बोलावणार नाही." ती ओरडली असती तर त्यांनी कानाआड केलं असतं. तो शांतपणा मात्र त्यांच्या जिव्हारी लागला.

म्हणून मग डोसिंग पंप आला. ठरलेल्या वेळी चालू होणारा, फिरत्या चाकांनी रबरी नळी पिळून थेंबथेंब औषध सोडणारा. पेटीवर लिहिलं होतं, लावा आणि विसरून जा. विसरणं हा प्रकार डबलब्रेकांना ठाऊकच नव्हता. त्यांनी पंप आधी टाकीला न लावता बादलीवर लावला, क्षाराची बाटली वरच्या फळीवर ठेवली, आणि पंप बंद केला तरी बाटली आपली टपकतेच आहे असं दिसताच कपाळावर हात मारून घेतला. बाटली उंचावर आणि नळीचं तोंड पाण्यात बुडालेलं, मग पाणी काय विचारून उतरणार? ज्याने आयुष्यभर लिफ्टचे पाळणे वर-खाली केले, त्याने ही चूक करावी याचा त्यांना स्वतःचाच राग आला.

मग ते हात धुऊन मागे लागले. बाटल्या खालच्या कपाटात गेल्या. नळ्यांची तोंडं पाण्यापासून वीतभर वर बांधली, म्हणजे पाणी ओढलं जायला नको. क्षार एका टोकाला आणि कॅल्शियम दुसऱ्या टोकाला, दोघांच्या वेळाही वेगळ्या, कारण ते एकमेकांना भेटले की पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि सगळंच फुकट जातं. एक टायमर अडकला तर वीज तोडायला दुसरा टायमर. आणि एवढं करूनही मन भरेना, म्हणून पंपाला जोडलेली बाटली अशी लहान घेतली की अख्खी एकदम ओतली गेली तरी प्रवाळं मरू नयेत. कॅल्शियमचा मोठा कॅन कपाटात गेला, पण क्षाराच्या उरलेल्या पाण्याचा कॅन नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या दाराशी, तसाच राहिला. लहान बाटली त्यातूनच भरायची. माशांना खाऊ घालायला शेजारची शिवणवाली तयार झाली, आणि मशीनला बोटसुद्धा लावायचं नाही हे तिला तीनदा बजावून झालं.

एवढं सगळं होऊनही क्षार वाढायला लागला.

तपासायची रीत सोपी होती. परीक्षानळीत टाकीचं पाणी घ्यायचं आणि निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे. रोज एखादा थेंब जास्त लागू लागला. डबलब्रेकांनी पंपाचं माप कमी केलं, तरी थेंब वाढलेलेच. त्यांनी दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं. त्याने बिचाऱ्याने पंप बदलून दिला, आणि नव्या पंपाने तेच केलं. कॅल्शियम मात्र शहाण्यासारखं जागच्या जागी होतं. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हेच कळेना, आणि जायचा दिवस तर उंबरठ्यावर आलेला. ते बायकोवर खेकसले, टायमरवर खेकसले, एकदा तर माशांवरही. मोठ्या जांभळ्या प्रवाळाची टोकं फिकट पडली त्या दिवशी ते जेवलेच नाहीत.

शेवटी त्यांनी लहान बाटलीवर चिकटपट्टी लावून पातळीची खूण केली. दुसऱ्या दिवशी पातळी जेवढी उतरायला हवी तेवढीच उतरलेली होती, तसूभरही जास्त नाही. मशीन चोख होतं, आणि पाण्यातला क्षार पुन्हा वाढलेला होता. डबलब्रेकांनी हात टेकले. बायको कपड्यांच्या घड्या बॅगेत रचत होती, तिच्यासमोर उभं राहून त्यांनी जाहीर केलं की हे अशा अवस्थेत सोडून आपल्याच्याने येववणार नाही, तिने एकटीनेच जावं.

बायकोने हातातली घडी खाली ठेवली.

"मग रोज सकाळी ओतता कशाला?"

"काय ओततो?"

"चहा ठेवता आणि झाकणभर ओतता टाकीत. रोज. मी आतून बघते."

डबलब्रेक म्हणाले की शक्यच नाही, मशीन लावल्यापासून आपण त्या कॅनला फक्त लहान बाटली भरायला हात लावतो. बायको स्वयंपाकघराकडे गेली आणि कॅनच्या डोक्यावरचं झाकण घेऊन आली. ते आतून ओलं होतं आणि कडेला पांढरं पुट चढलं होतं.

"मला वाटलं, मुद्दाम करताय," ती म्हणाली. "यायचं नाही म्हणून. मी लेकीला सांगूनही टाकलं, बाबांची वाट बघू नकोस."

हे ऐकून त्यांना संताप आला. त्यांनी शपथा घेतल्या. बायको ऐकून घेत होती, पण तिचा विश्वास बसल्याचं काही दिसेना. आणि खरं सांगायचं तर शपथा घेताघेता त्यांचाही स्वतःवरचा विश्वास डळमळायला लागला होता. नसेल जायचं आपल्याला, कुणी सांगावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे डोळे चोळत उठले. शेगडी पेटवली, आधण ठेवलं, गुडघ्याच्या कुरकुरीवर पुटपुटले. डोक्यात पंपाचाच विचार चालू होता, दुसरा टायमर बदलावा की काय असा. पाय त्यांचे ते दाराशी गेले. हात कॅनच्या डोक्यावर गेला आणि तिथे चाचपडत राहिला, कारण झाकण तिथे नव्हतं. हाताने कॅन चाचपला, बाजूची फळी चाचपली, पुन्हा कॅनकडे आला. तेव्हा कुठे त्यांनी मान वळवून आपल्याच हाताकडे पाहिलं.

बायको दारात उभी होती. झाकण तिच्या मुठीत होतं.

कामावर असताना दर इमारतीत ते एकच गोष्ट घसा फोडून सांगायचे, दरवाजा आपला आपण बंद होतो, मध्ये हात घालू नका. अपघात लिफ्ट करत नाही, हात करतो. ते सगळं आता त्यांना आठवलं आणि शरमेने कान गरम झाले.

"मुद्दाम नव्हतं गं," ते म्हणाले.

"बघितलं मी," बायको म्हणाली. तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मऊ झाला होता. "मशीन ठीक आहे. बिघाड मी बरोबर घेऊन जाते."

आधण उकळून अर्धं झालं होतं. ते तसंच ठेवून डबलब्रेकांनी लेकीला फोन लावला आणि येतोय म्हणून सांगितलं. मग तिने त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला, "टाकीचं काय?"

त्यांनी दोन टायमर, लहान बाटली, वर बांधलेल्या नळ्या, सगळं सांगायला तोंड उघडलं. पण त्यातलं काहीच न सांगता ते म्हणाले, "मी नसलो की ती नीट चालते."