जावई: बंद

मी घरजावई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण लोक आडून आडून विचारतात आणि मग माझं डोकं फिरतं. वरच्या मजल्यावरची आमची खोली ऐसपैस आहे, उजेड भरपूर आहे, आणि तिच्यात माझा जीव गुदमरतो. कुणी मला टोचून बोलत नाही. बोललं असतं तर भांडून बाहेर तरी पडता आलं असतं.

त्यात मी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलेला. लग्नानंतर नवा नवा राहायला आलो तेव्हा हौसेनं अडगळीच्या खोलीत एक सर्व्हर बसवला. फाटकावरचे, अंगणातले, बोळातले कॅमेरे, सासूबाईंचे फोटो, मेहुण्याचे सिनेमे, घरातले दिवे, दारांची विजेवर चालणारी कुलपं, सगळं त्या एका यंत्रावर. तेव्हापासून काही अडलं की हाक मला. जेवताना घास हातात असतो आणि सासरे सांगतात की चित्र गेलं. मी अंघोळीला जातो आणि मेहुणा बाहेरून दार वाजवतो, भावोजी, सिनेमा अडकला.

शेवटी मी आणि बायकोनं दोन खोल्यांची भाड्याची जागा पाहिली. म्हणजे मी पाहिली, ती सोबत आली. तिथली खिडकी तिला आवडल्यासारखी वाटली. घरमालकीण म्हणाली, ठरलेल्या दिवशी संध्याकाळच्या आत येऊन किल्ली घ्या, नाही आलात तर दुसरं कुटुंब तयारच आहे. मी घरी येऊन सासऱ्यांच्या कानावर घातलं. अप्पा पूर्वी जमीन मोजणीच्या खात्यात होते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला ते आधी हद्द घालतात.

"जा की," ते म्हणाले. "पण जावईबापू, तुम्ही गेल्यावर हे सगळं तुमच्यावाचून चाललं पाहिजे. वीज जाऊन आली तरी कुणाला हात लावावा लागता कामा नये. तेवढं दाखवा आणि खुशाल जा."

बायको म्हणाली, अप्पा म्हणतात ते बरोबरच आहे, तेवढं कर म्हणजे निघू. मी कामाला लागलो.

युक्ती सोपी होती. एकाच यंत्रात सगळ्या कामांची खिचडी झाली होती, म्हणून एक बिघडलं की सगळंच रुसायचं. मी सर्व्हर कोरा करून त्यावर व्हर्च्युअल मशीन चालवायचं सॉफ्टवेअर घातलं. त्यात खरं यंत्र एकच, पण त्याच्या पोटात कितीही खोटी यंत्रं बसवता येतात. एक आजारी पडलं तर बाकीच्यांना त्याची खबर नसते. खऱ्याला यजमान म्हणतात आणि पोटातल्यांना पाहुणे, असं मी अप्पांना समजावलं. प्रत्येक पाहुण्याला वाटतं की अख्खं घर आपलंच आहे.

"मग यात नवीन काय?" अप्पांनी माझ्याकडे बघत विचारलं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. काय करणार?

पाहुण्यांना नावंही अप्पांच्याच आग्रहानं घरच्यांची दिली, पुढे त्यांना ओळखता यावीत म्हणून. दिवसभर फाटक बघणारा तो अप्पा. फोटो सांभाळणारी आई. सिनेमे मेहुण्याकडे. दिवे आणि कुलपं ज्याच्याकडे, तो जावई. बायकोला विचारलं, तुझ्या नावाचं कुठलं ठेवू? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, मला कुठे ठेवायचं ते मलाच कळत नाही. मी ते चेष्टेवारी नेलं.

किल्ली घ्यायच्या दिवशी दुपारी मी शेवटची परीक्षा ठेवली. यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं, सगळे पाहुणे आपापले उठले की गंगेत घोडं न्हालं. लॅपटॉप घेऊन मी अडगळीच्या खोलीत शिरलो. धूळ येऊ नये म्हणून तिचं दार आपोआप लागतं. कुलूप बाहेरून किल्लीनं उघडतं, नाहीतर सर्व्हरच्या हुकमानं. आतून हातानं उघडायची सोयच नाही, कारण त्या खोलीत माणूस अडकेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मी यंत्र बंद केलं, चालू केलं आणि लॅपटॉपवर वाट बघत बसलो.

काहीच आलं नाही. पंखा गरगरत होता, हिरवा दिवा लुकलुकत होता, पण लॅपटॉपला सर्व्हर सापडेना. आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाहुण्यांना बाहेरच्या जगाशी जोडणारा एक पूल असतो, आणि तो कुठल्या नेटवर्क कार्डावर टेकवायचा ते लिहून द्यावं लागतं. नव्या सॉफ्टवेअरनं कार्डाचं नाव बदललं होतं आणि सकाळी शेवटचा हात फिरवताना मी सवयीनं जुनंच लिहिलं होतं. आता आतलं बाहेर जात नव्हतं, बाहेरचं आत येत नव्हतं. त्यात मीही आलो.

मी दार वाजवलं. आधी अप्पा आले, मग सासूबाई, मग बायको. सर्व्हरला थेट स्क्रीन जोडला असता तर चूक दुरुस्त करता आली असती; कीबोर्ड होता, पण स्क्रीन मागेच अप्पांनी फाटक बघायला आपल्या खोलीत नेला होता. माझा फोन वर खोलीत राहिला होता. राहता राहिली कुलपाची किल्ली, तर ती स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर नव्हती. अप्पांनी सगळ्यांना शोधायला पिटाळलं. मी दारातूनच बायकोला सांगितलं, घरमालकिणीला फोन कर, थोडा उशीर होईल म्हण. थोड्या वेळानं ती येऊन म्हणाली, फोन लागत नाहीये.

खोलीला खिडकी नाही. एका बाजूला रंगाचे रिकामे डबे, दुसऱ्या बाजूला मोडका पाळणा, मधे यंत्राचा गरम वारा. मी घामानं निथळत होतो. कोपऱ्यात जुना, पोट सुटलेला मॉनिटर होता, पण त्याची वायर नव्हती. वायर शोधता शोधता पिशव्यांखालून माझीच बॅग निघाली, ह्या घरात येताना आणलेली. वरच्या खोलीतली कपाटं आधीच भरलेली होती, म्हणून दोन दिवसांपुरती इथे ठेवली होती. आत माझी पुस्तकं होती, आईनं दिलेली चादर होती, आणि तळाशी वायरींचा गुंता. चादरीला कुबट वास लागला होता. मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू. सगळं जसंच्या तसं बांधलेलं होतं, जणू मी अजून मुक्कामाला उतरलोच नव्हतो.

त्या गुंत्यात हवी ती वायर सापडली. जुना मॉनिटर कुरकुरत उजळला. मी कार्डाचं नाव दुरुस्त केलं आणि यंत्र पुन्हा चालू केलं. या वेळी लॅपटॉपवर यादी उमटली. अप्पा: सुरू. आई: सुरू. मेहुणा: सुरू. जावई: बंद.

त्याच्यापुढे 'आपोआप सुरू' ही खूण करायला मी विसरलो होतो. सगळ्यांची केली, स्वतःची राहिली. आता एक टिचकी मारली की जावई उठेल आणि दार उघडेल. पळत सुटलो तर घरमालकीण अजून भेटण्यासारखी होती. कॅमेरे नीट आलेत ना, एवढं बघून घ्यावं म्हणून मी आधी अप्पाचा पडदा उघडला.

फाटक दिसलं, अंगण दिसलं. तिसरं चित्र ह्याच खोलीसमोरच्या बोळाचं. दाराला पाठ टेकून बायको उभी होती. माझ्यात आणि तिच्यात फक्त एक फळी होती. तिच्या मुठीत किल्ली होती.

मला वाटलं, आत्ताच सापडली असेल, आता उघडेल. मी वाट पाहिली. ती हलली नाही. पलीकडून स्वयंपाकघरातल्या डब्यांचा आवाज येत होता, सासूबाई किल्ली शोधत होत्या. बायकोनं डोळे पुसले, त्याच मुठीनं.

"किल्ली सापडली का?" मी विचारलं.

"नाही अजून," ती म्हणाली. आवाज दारातून आधी आला, पडद्यावर तिचे ओठ नंतर हलले. "शोधताहेत सगळे. तू घाबरू नकोस हं."

मला राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचाच राग आला. त्या जागेची खिडकी तिला आवडली असं मीच ठरवलं होतं. ती फक्त खिडकीतून बाहेर बघत होती, आपल्या घराच्या दिशेनं. तिनं एकदा तोंड उघडून सांगितलं असतं तर मी भांडलो असतो, तेही तिला ठाऊक होतं. मी बॅगेकडे पाहिलं. ती उघडीच होती.

मग मी बोळातलं तेवढं चित्रण पुसून टाकलं आणि पुढचं थांबवलं, कारण अप्पा रोज जुनं चित्रण काढून बघतात. जावयापुढे 'आपोआप सुरू'ची खूण केली. आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. घरमालकिणीची वेळ टळून गेल्यावरच मी त्याला सुरू केलं.

कुलूप खटकन उघडलं. बायको दचकून बाजूला झाली आणि तिची मूठ पाठीमागे गेली. अप्पा लगबगीनं आले. त्यांच्या खोलीत फाटक परत दिसायला लागलं होतं, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

"जमलं म्हणायचं, जावईबापू. आपोआप उठलं सगळं. म्हणजे आता तुम्ही मोकळे."

"नाही अप्पा," मी म्हणालो. "जावई अडकतोय अजून. त्याच्याजवळ कुणीतरी असावं लागेल."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला. बॅग उचलून मी वर नेली आणि चादर खिडकीत वाऱ्यावर टाकली.

खाली चहाची भांडी वाजू लागली तेव्हा सासूबाईंचा आवाज आला, अगंबाई, ही किल्ली तर इथेच आहे की खिळ्यावर.