खडूच्या घरातला पलंग

"बाबा, मी इथेच राहिले तर?"

विचारलं एकदाचं! चष्मी आणि टकळी या बारकीच्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैजच लावली होती, की ती घरी हा प्रश्न विचारूच शकणार नाही. "त त प प करत परत येशील," टकळी म्हणाली होती. चार महिन्यांपूर्वी तसंच झालं असतं. तेव्हा बारकी हजेरीलासुद्धा एवढी कुजबुजायची, की बाई सरळ गैरहजेरी मांडायच्या. मग या दोघींनी तिला अक्षरशः ढकलत शाळेच्या नाटकात घातलं. पहारेकऱ्याचं एकच वाक्य तिने असं ठणकावलं, की शेवटच्या रांगेतले पेंगणारे दचकून जागे झाले. तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीवर नव्हते.

आणि आता हे! बाबा सुतार. इथे काम आज आहे तर उद्या नाही, आणि घरभाडं मात्र दरवर्षी वर चढणार. शेजारच्या राज्यातल्या फर्निचरच्या कारखान्यात कायमची नोकरी मिळत होती. इथल्या एका खोलीच्या भाड्यात तिथे दोन खोल्या आणि वेगळं स्वयंपाकघर. पण तिथली भाषा वेगळी, शाळा वेगळी. तिथे आपण पुन्हा मुक्या झालो तर? मावशी म्हणाली होती, "दहावी होईपर्यंत राहू दे तिला माझ्याकडे." उद्या शाळेतून दाखला काढायचा की नाही, ते आजच ठरवायचं होतं.

बाबा गच्चीवर गुडघे टेकून खडूने रेघा मारत होते. कुठलीही वस्तू करण्याआधी ते ती खऱ्या मापात जमिनीवर काढायचे. आज अख्खं नवं घर काढत होते. गेल्या आठवड्यात जाऊन मोजूनच आले होते. प्रश्न ऐकला आणि खडू थांबला.

"आधी घर तर बघ," ते एवढंच म्हणाले.

बारकीने रेघेवरून उडी मारली.

"अगं, भिंतीतून काय येतेस? दार आहे ना तिकडे!" वाळलेले कपडे काढणारी आई ओरडली. "आणि चपला बाहेर!"

बारकी खिदळत दारातून आत आली. बाबांनी बोट दाखवलं, "ही तुझी खोली. इथे खिडकी. हा पलंग."

राणीसारखी ऐटीत ती पलंगावर आडवी झाली.

"बाबा, माझे पाय बाहेर!"

"शक्यच नाही. माझं माप चुकत नाही."

त्यांनी टेप लावला. मग पुन्हा एकदा लावला. माप खालच्या खोलीतल्या भिंतीवरच्या, बारकीच्या झोपायच्या घडीच्या फळीचं होतं. बारकी नऊ वर्षांची असताना कपाट आणि दार यांच्या मधे बसेल एवढी त्यांनी ती केली होती. तेच आकडे हाताला पाठ झाले होते. पंधराव्या वर्षीही बारकी तिच्यावरच झोपत होती, गुडघे पोटाशी घेऊन.

"मला वाटायचं, तुला तसंच झोपायला आवडतं," आई हळूच म्हणाली.

"मलाही तसंच वाटायचं," बारकी म्हणाली.

"लोकांची कपाटं सूतभर इकडची तिकडे होऊ दिली नाहीत," बाबा बाहीने रेघ पुसत पुटपुटले, "आणि घरच्या पोरीचं..." मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "राहायचं तर राहा गं मावशीकडे. पलंग मी करतोच. सुट्टीत येशील तेव्हा लागेल."

सुट्टीत! पाहुण्यासारखी! बारकी ताडकन उठून बसली.

"आई, तिथे मला ढकलणारं कुणीच नसेल गं."

"मग आत्ता गच्चीवर कुणी ढकललं तुला?" आईने चिमट्यांचा डबा बंद केला. "आणि मला काय तिथलं बोलता येतं? भाजीवाल्यासमोर हातवारे करणार आहे मी. जोडीला असशील तर निदान लोक आपल्या दोघींना मिळून हसतील."

बारकीने जिन्याकडे पाहिलं. खरंच की! चष्मी नाही, टकळी नाही. प्रश्न तिने एकटीनेच विचारला होता.

ती पुन्हा आडवी झाली. हात डोक्यावर ताणले, पायाची बोटंसुद्धा ताणली आणि पहारेकऱ्याच्या आवाजात गरजली, "ऐका हो ऐका! मी येणार आहे. दाखल्याचा अर्ज उद्या मीच देणार, तोही मोठ्याने बोलून. आणि बाबा, पलंग एक वीत जास्त ठेवा. मी अजून वाढणार आहे!"