गावकीचा आठ नंबर

मी बूट बोलतोय. नीट सांगायचं तर उजवा बूट. डावा इथेच माझ्या कुशीला आहे, पण तो पहिल्यापासून घुमा. त्यामुळे जे काही बोलायचं ते मलाच बोलावं लागतं.

धारावीतल्या एका माळ्यावर माझा जन्म झाला. काळं चामडं, नाडीला दोन्हीकडे पाच-पाच भोकं, नंबर आठ. तिथून मी दादरच्या एका दुकानात आलो आणि काचेआड बसलो. शेजारचे जोड एकेक करून कुणाकुणाच्या घरी गेले. मला वाटायचं, मलाही एक मालक मिळेल, त्याच्या पायाची सवय होईल, त्याच्या चालीनं मी झिजेन. बुटाला याहून जास्त काही नको असतं हो. पण मला विकत घेतलं ते एका अख्ख्या गावानं.

हसू नका. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, कोकणातल्या एका गावाची खोली होती. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावच्या माणसांनी मिळून घेतलेली. गावाहून मुंबईला येणारा प्रत्येकजण आधी तिथेच उतरायचा. एका माणसाला एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवर एक खिळा. मी आलो तेव्हा तिथे अकरा जण राहत होते. त्यांच्यात वडीलधारे म्हणजे अप्पा. गिरणी बंद पडली तरी गावी न गेलेले, आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या जाण्यायेण्यावर डोळा ठेवून असलेले.

खोलीतला एक पोरगा चपला घालून मुलाखतीला गेला म्हणून त्याला बाहेरच्या बाहेर परत पाठवलं होतं. पुढच्या पहिल्या रविवारी गावकीची बैठक भरली, अप्पांनी विषय काढला आणि मला आणायचं ठरलं. दाराजवळच्या फळीवर मला जागा मिळाली. फळीच्या वर एक पाटी टांगली. ज्याला मुलाखत असेल त्यानं पाटीवर वार, वेळ आणि नाव लिहायचं, परत आल्यावर मला पॉलिश करून जागेवर ठेवायचं. लग्नाला, फिरायला, मिरवायला मला न्यायचं नाही. असा कायदा.

पायाचा नंबर सात असो नाहीतर नऊ, सगळे मलाच घालायचे. सातवाले पुढे कापूस कोंबायचे, नऊवाले बोटं मुडपायचे. घाबरलेल्या माणसाच्या पायाला किती घाम येतो ते मला विचारा. खोलीतून निघताना जो तो ऐटीत असायचा आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरला की त्याची बोटं माझ्या आत मुठीसारखी आवळली जायची.

एकाच माणसाला मी बेतून शिवल्यासारखा बसायचो. तो विकास. कापूस नको, मुडपणं नको. कुरिअरची पाकिटं पोचवायची कंत्राटी कामं करत त्याची सात वर्षं गेली होती. दर वेळी मला घालून जायचा, दर वेळी हात हलवत परत यायचा, आणि तरी इतरांपेक्षा जास्त मन लावून मला पॉलिश करायचा. मनातल्या मनात मी त्यालाच मालक मानला होता. गावकीला हे कळलं असतं तर मला फळीवरून काढलं असतं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यानंतर खोलीत हितेंद्र आला. बावीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, पायाचा नंबर नऊ. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात बोटं मुडपून मला घातलं आणि परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची नोकरी मिळवली. विकासनंच त्याला पेढा भरवला. स्वतःच्या पदरी काही पडत नसताना दुसऱ्याला पेढा भरवणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

हितेंद्रला मुंबई बघायची होती. सुट्टीच्या दिवशी साध्या चपलांवर तो दादरपासून गिरगावापर्यंत तंगडतोड करायचा. परत आला की गॅलरीत विकासच्या शेजारी पडून सांगत बसायचा. काचेची हॉटेलं, गच्चीवरचे दिवे, रांगा लावून आत जाणारी त्याच्या वयाची मुलंमुली. "सगळा भायरसूनच बघतंय रे, विकासदादा," म्हणायचा. विकास नुसता हसायचा. सात वर्षांत त्यानंही आतून काही पाहिलं नव्हतं.

मग तो शुक्रवार आला. पाटीवर विकासचं अक्षर होतं : 'शनिवार, सकाळी ७, विकास'. फोर्टातल्या एका जुन्या संस्थेत शिपायाची जागा होती. कंत्राटी नव्हे, कायमची. मुलाखत नऊ वाजता. तिशीच्या आतलाच माणूस त्यांना हवा होता आणि पुढच्या महिन्यात विकासला तीस पुरी होत होती. खोलीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. गुरुवारी रात्रीच त्यानं मला पॉलिश करून ठेवलं होतं.

त्याच शुक्रवारी ऑफिसातल्या नूपुरनं हितेंद्रला विचारलं होतं, संध्याकाळी येतोस का आमच्याबरोबर? जुन्या गिरणीच्या आवारातला पब, आणि चपला घातलेल्याला आत घेत नाहीत. हितेंद्रनं पाटी वाचली. दोनदा वाचली, मी पाहिलं. मग मला फळीवरून उचललं.

"खंय निघालंस रे बूट घालून?" अप्पांनी विचारलंच.

"ऑफिसात मोठे साहेब येतत, अप्पा. बूट घालूकच होये."

"उद्या सकाळी विकासाक होये आसत हां. ध्यानात ठेव."

"बारा वाजायच्या आत येतंय."

बारापर्यंत यायचं हे त्याच्या मनात खरोखरच होतं. तेवढी साक्ष मी देईन.

पबच्या दारावर एक धिप्पाड माणूस प्रत्येकाच्या पायावर टॉर्च मारत होता. माझ्यावर टॉर्च पडली आणि तिथेच थांबली. तो सुशांत होता. चार वर्षं आमच्या खोलीत राहून लग्नानंतर ठाण्यापलीकडे दिव्याला राहायला गेलेला. दारावरच्या या नोकरीच्या मुलाखतीलाही तो मलाच घालून गेला होता. माझ्या टाचेवरची शिवण त्यानंच घालून घेतलेली.

"हे बूट आमच्या खोलीवरचे मा?" तो हळूच म्हणाला. "कोणाचो इंटरव्यू आसा रे हय?"

हितेंद्रची बोटं माझ्या आत आवळली गेली. तो काही बोलायच्या आत नूपुरनं त्याचा दंड धरला. "हा आमच्यासोबत आहे, सोडा ना याला."

सुशांत बाजूला झाला.

आतलं मी तुम्हाला फरशीवरून दिसलं तेवढंच सांगू शकतो. फरशी चिकट होती. आवाज इतका की तळव्यातून खिळे निघतील असं वाटत होतं. टेबलाखाली सगळे पांढरेशुभ्र जोड, कधी मुलाखतीला न गेलेले. कुणीतरी हितेंद्रला विचारलं, कुठे राहतोस? "लालबागला. फ्लॅट शेअर करतो." किती जण? "आम्ही... तिघं." अकराचे तीन झाले. मग तो नाचला. त्याला नाचता येत नव्हतं, माझ्या आत त्याची टाच सोलवटून निघाली होती, तरी नाचला. इतक्या आनंदात मी त्याला कधी पाहिला नव्हता, हेही खरंच सांगायला हवं.

साडेअकराला सुशांत आत आला. "नीघ आता. नायतर शेवटची बस मिळाची नाय."

हितेंद्र निघालाही. पण नूपुर म्हणाली, "थांब ना यार! इतक्यात कुठे चाललास?"

साधी, चांगली मुलगी. तिला पाटीचं काय माहीत? पण मुंबईत आल्यापासून हितेंद्रला जो तो 'पुढे सरका, बाजूला व्हा' असंच म्हणत आला होता. थांब म्हणणारं त्याला पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं. तो थांबला.

पब बंद झाल्यावर सगळे टॅक्सीनं निघाले; घर उलट्या दिशेला असूनही हितेंद्र नूपुरसाठी त्यांच्यात बसला. नूपुर गिरगावात उतरली. बाकीच्यांना पुढे जायचं होतं, म्हणून हितेंद्रही तिथेच उतरला. चालत जातो लालबागला, म्हणाला. ती दिसेनाशी होईपर्यंत ऐटीत उभा राहिला. मग शंभर पावलं चालला आणि त्याला पाऊल टाकवेना. नऊ नंबरचा पाय आठ नंबरात रात्रभर नाचवला होता, दुसरं काय होणार? एका बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला. मला काढलं. माझ्या अस्तराला रक्त लागलं होतं. फोन काढून पाहिला, तो केव्हाच बंद पडला होता. दोन मिनिटं टेकतो, असं पुटपुटला आणि मला उशाला घेऊन झोपला.

ती रात्र मी जन्मात विसरणार नाही. अंधार होता तोवर मला वाटत होतं, उठेल. मग दुधाचे क्रेट उतरले. पेपरवाल्यांनी गठ्ठे सोडले. समोरच्या देवळात घंटा वाजली. एका बाईनं येऊन रस्ता झाडला आणि हितेंद्रला वळसा घालून पुढे गेली. सात वाजले असणार, कारण गणवेशातली पोरं व्हॅनमध्ये चढू लागली. पाटीवरची वेळ झाली होती. त्याच्या कानाखाली पडून मी ओरडत होतो, अरे ऊठ, विकास वाट बघतोय. बुटाची जीभ नुसती नावाला असते हो. त्या सकाळी मला तिची लाज वाटली.

"ओ भाऊ, उठा. दुकान उघडायचंय."

आतल्या घड्याळात आठ वीस झाले होते. हितेंद्र मला हातात घेऊन अनवाणी धावत सुटला. टॅक्सी मिळाली. चाळीचा जिना तो तीन-तीन पायऱ्या टाकत चढला. दारात अप्पा एकटेच उभे होते; विकास निघून गेला होता.

विकास सातपासून तयार होऊन बसला होता. फोन लावत होता, लागत नव्हता. "येतलो, आत्ता येतलो," असं अप्पांनाच समजावत होता. साडेआठला अप्पांचे जुने सँडल पायात अडकवून पळाला. फोर्टात पोचला तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि दारावरची यादी आत गेली होती. त्याला कुणीही आत घेतलं नाही.

संध्याकाळी तो परत आला. हितेंद्र त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. विकासनं त्याच्या सोललेल्या टाचांकडे पाहिलं. "आधी हळद लाव त्येका," एवढंच म्हणाला.

पहिल्या रविवारी बैठक भरली. दाराशी फळीवरून मी सगळं ऐकत होतो. गावच्या मोठ्या माणसांनी विचारलं, एवढी चांगली संधी गेली कशी? अप्पांनी घसा खाकरला. त्यांच्या आधी विकासच बोलला. "माझाच चुकला. माका जाग इली नाय."

हितेंद्र भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्याकडे बघत होतो. बोल रे, आता तरी बोल. तुला तर देवानं खरी जीभ दिलीय. त्यानं मान खाली घातली ती बैठक संपेपर्यंत वर केली नाही. महिनाभरानं विकास ट्रंक उचलून गावी गेला, तो कायमचाच.

त्यानंतर मला कुणी फारसं घातलं नाही. पाटीही कुणी पुसली नाही. हितेंद्रनं स्वतःचे नऊ नंबरचे बूट घेतले, पण तो त्या पबकडे पुन्हा फिरकला नाही. शुक्रवारी संध्याकाळी मला खाली काढायचा, पॉलिश करायचा, पुन्हा ठेवायचा. चामड्याला पॉलिश लागतं तसा वापरही लागतो, हे त्याला कोण सांगणार?

गेल्या महिन्यात चाळ रिकामी करायची नोटीस आली. टॉवर होणार म्हणे. ज्यानं त्यानं आपली ट्रंक उचलली. शेवटी फळीवर मी उरलो. अप्पांनी विचारलं, "बूट कोण नेतलो?"

"ते विकासदादाचे आसत," हितेंद्र म्हणाला. आणि सगळ्यांसमोर, उभ्यानंच, त्यानं त्या शुक्रवारचं सगळं सांगून टाकलं. पब, नाच, ती पायरी. रडत रडत.

"मग दोन वर्सां तोंड शिवून बसलंस कित्याक?" अप्पा म्हणाले आणि स्वतःची वळकटी बांधायला लागले. त्या रात्री बूट कुणी नेले होते, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ते तरी कुठे बोलले होते?

हितेंद्रनं मला खोक्यात घातलं आणि गावच्या गाडीनं पाठवलं. अशा रीतीनं मी जन्मात पहिल्यांदा कोकण पाहिलं.

विकास आता चिऱ्याच्या खाणीत दगड काढतो. संध्याकाळी आला, घरासमोरच्या खळ्यात बसून खोकं उघडलं. मला ओळखल्यावर हसला. पाय धुतले, नीट पुसले, माझी नाडी सैल केली. किती वाट पाहिली होती मी या पायाची!

पाय अर्ध्यातच अडकला. त्यानं जोर लावला, उभा राहून पाहिलं, मला डाव्या हातानं ताणलं. पाय आत जाईना.

"अनवानी चलान पाय पसारले रे तुझे," त्याची आई ओट्यावरून म्हणाली. असेल. किंवा दोन वर्षं फळीवर बसून मीच आखडलो असेन. त्यानं मला मांडीवर घेतलं. आतल्या अस्तरावर रक्ताचा काळा डाग होता, त्यावरून अंगठा फिरवत राहिला.

तेवढ्यात फोन वाजला. हितेंद्र होता.

"मिळाले रे," विकास म्हणाला. "होय, घालून बघितले मा. एकदम बरोबर बसले. पयल्यासारखे. तू रडतंस कित्याक, येड्या?"

फोन ठेवला, मला खोक्यात घातलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. तिथूनच बोलतोय. अंगावर बुरशी धरू लागलीय, डावा तर पांढरा पडत चाललाय. फार दिवस राहिलेत असं वाटत नाही.

जाता जाता एक मागणं आहे. परळकडे कधी नऊ नंबरचे बूट घातलेला, शुक्रवारी संध्याकाळी सरळ घरी जाणारा एक मुलगा तुम्हाला भेटेल. त्याला खूप काही विचाराल, विचारा. पण मी विकासला बसलो नाही, हे तेवढं त्याला सांगू नका.