हरी कॅलिप्सोकराचा ड्रम

मी एक जुना ड्रम आहे, मित्रांनो. ढोल-ताशाच्या पथकातला नव्हे, तेलाचा. सध्या माझा मुक्काम बेंगळुरूतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, धुण्याच्या मशीनमागे आहे. माझ्या पोटात कढीपत्त्याची कुंडी ठेवली आहे. कुंडीला घातलेले पाणी माझ्यात साचते आणि मी हळूहळू गंजतो. त्याबद्दल मला कुरकुर करता येईल, पण ज्या माणसाने मला गाते केले, त्याची गोष्ट माझ्या गंजाहून मोठी आहे.

मी याच शहरातल्या एका सरकारी कारखान्यात आलो तो मशीनवर ओतायचे तेल घेऊन. तेल संपले आणि मला भंगाराच्या ढिगाकडे ढकलले गेले. त्याच सुमारास कारखान्यात प्रशिक्षणासाठी त्रिनिदाद नावाच्या दूरच्या बेटावरून एक तरुण आला होता. टूलरूममधल्या हरीशी त्याची गट्टी जमली. जेवणाच्या सुट्टीत तो हरीला त्याच्या बेटावरच्या गाण्यांविषयी सांगायचा. तिथे कॅलिप्सो नावाचे गाणे असते. गाणारा ताजी बातमी गातो, बड्या माणसाला नाव घेऊन टोचतो, आणि ज्याला टोचले तोही मान डोलावून हसतो. गाणारे स्वतःला राजेमहाराजांची नावे घेतात. आणि साथीला असतो रिकाम्या तेलाच्या ड्रमपासून बनवलेला बाजा.

हे ऐकल्यावर हरीची नजर माझ्याकडे वळली नसती तरच नवल होते.

त्या दोघांनी माझे काय केले ते ऐकाल तर तुमच्या अंगावर काटा येईल. घणाने ठोकून ठोकून माझा तळ कढईसारखा खोल केला. बाकीचे अंग कापून टाकले, वीतभर काठ ठेवला. तळावर सुरांच्या चौकटी आखल्या, मला आगीवर भाजले आणि मग बारीक हातोडीने एकेक सूर काढला. काठ्यांच्या टोकांना सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळले. माझा पंचम जरा चढाच राहिला, तो कायमचा. पण पहिल्यांदा वाजलो तेव्हा टूलरूममधली माणसे हातातले काम टाकून आली. भंगारात जाणाऱ्याला याहून मोठा मान कोणता?

पाहुणा आपल्या बेटावर परत गेला. हरीने स्वतःला ‘महाराजाधिराज हरी कॅलिप्सोकर’ अशी पदवी बहाल केली आणि त्याच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, शेवटच्या संध्याकाळी, मला गळ्यात अडकवून उभा राहिला.

हरी तसा किडकिडीत, आवाज नाकातून येणारा. शास्त्रीय गाणाऱ्यांनी त्याला दारातही उभे केले नसते. पण त्याची जीभ फार तिखट होती. टँकरवाल्यांवर, खांब उभे राहूनही वर्षानुवर्षे न आलेल्या मेट्रोवर, आपल्याच मंडळाच्या पातळ झालेल्या आमटीवर तो गाणी रचायचा. बेळ्ळंदूरच्या तळ्याला फेस आला आणि पुढे त्याच तळ्याने पेट घेतला, तेव्हा त्याने गायले:

तळ्याला आला फेस राव, साबण कुणी लावला?
पाण्यानेच पेट घेतला, बंब कुणी धाडला?
बंबवाला डोकं खाजवी, विझवू कशानं सांगा,
पाणीच जिथे जळतं तिथे पाणी कुणाला मागा?

हे गाणे सर्जापूर रोडच्या नव्या सोसायट्यांपर्यंत गेले. एका रिक्षावाल्याने हरीकडून ते दोनदा म्हणवून घेतले आणि कन्नडमध्ये स्वतःचे कडवे जोडले. हरीने तेही पुढे आनंदाने गायले. त्या वर्षांत आम्हाला गणपती ते दिवाळी उसंत नसे. मी मिरवून घेतले, खोटे कशाला बोलू?

हरीचे दोन नियम होते. ज्याच्यावर गाणे रचले, त्याला ते आधी त्याच्या घरी जाऊन ऐकवायचे. तो हसला तरच ते मंचावर जायचे. आणि कार्यक्रमात कडवे संपले की त्या माणसाने उठून यायचे, काठी घ्यायची आणि माझ्यावर एक टोला हाणायचा. म्हणजे झाली चेष्टा ती मान्य, मनात काही नाही. मोठमोठे अधिकारी पोट सावरत उठायचे आणि मला ठोकून जायचे.

पहिल्या नियमातून एकट्या दयानंदला सूट होती. घरच्या माणसाला कोण विचारतो?

दयानंद मूळचा निपाणीचा, हरीच्या वरच्या मजल्यावर राहणारा. दर वर्षी शेवटचे कडवे त्याच्यावर असायचे. कधी त्याच्या ढकलून सुरू होणाऱ्या स्कूटरवर, कधी त्याच्या घोरण्यावर. तो पहिल्या रांगेत बसायचा आणि गणपतीच्या आधी आठवडाभर हरीच्या मागे लागायचा.

“हर्‍या, यंदा माझं काय काढलास रे? पेट्रोलचं नको बघ. बायको चिडती.”

“तू गप बस. तुला ऐकायला तिकीट पडेल,” हरी म्हणायचा.

मग मंचावर येऊन दयानंद असा टोला द्यायचा की माझा चढा पंचम बराच वेळ गुणगुणत राहायचा. मला तो माणूस फार आवडायचा. माझ्याशी खेळल्यासारखा वागणारा तो एकटाच होता.

करोना संपला, गणपती पुन्हा मांडवात बसू लागले, त्यानंतरची ही गोष्ट. दयानंद तोवर बेळ्ळंदूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावर होता. हरी निवृत्त झाला होता. त्या वर्षी साऱ्या शहराच्या तोंडी ट्रॅफिक हा एकच विषय होता, म्हणून हरीने दयानंदवरही तेच घेतले. ऑफिसपर्यंत पोहोचायलाच संध्याकाळ होते, म्हणून हा आता वाटेतच बसतो, अशी त्याची कल्पना. त्याने ती स्वयंपाकघरात बसून रचली आणि स्वतःच खो खो हसला. त्याची बायको प्रतिमा भाजी चिरत होती, तीही हसली. मीही त्या हसण्यात होतो.

मंडप भरलेला होता. हरीने सूर धरला आणि गायले:

दयानंदा निघे सकाळी, गळ्यात पट्टा, डबा हाती,
ऑफिस त्याला ओळखत नाही, बाकडं त्याचं सांगाती;
तळ्याकाठी मीटिंग भरते, बदकं सारी हजर,
संध्याकाळी दमून येतो, बायको काढते नजर!

मांडव हसून लोळला. पुन्हा, पुन्हा, असे ओरडले लोक. हरीने पुन्हा गायले.

मी हरीच्या गळ्यात होतो, त्यामुळे मला समोरचे सगळे दिसत होते. दयानंद हसत नव्हता. त्याच्या मागच्या रांगेत त्याची बायको भाग्यलक्ष्मी बसली होती. ती आधी हसली. मग तिने नवऱ्याच्या मानेकडे पाहिले आणि तिचे हसणे थांबले.

तेव्हा मला काही कळले नाही. नंतर सगळ्या कॉलनीला कळले, ते तुम्हालाही सांगतो. दयानंदची नोकरी पावसाळ्याच्या आधीच गेली होती. कंपनीने एका सकाळी बरीच माणसे काढली, त्यांत तो होता. घरी सांगायचे त्याला धाडस झाले नाही. तो रोज गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा अडकवून, भाग्यलक्ष्मीने भरलेला डबा घेऊन निघायचा आणि दिवसभर खरोखरच तळ्याच्या काठी बाकड्यावर बसायचा. हरीने मनाने रचलेली चेष्टा अक्षर न अक्षर खरी होती.

दयानंद उठला. रीत होती ना. मंचावर आला, हरीच्या हातातली काठी घेतली आणि माझ्यावर टोला दिला. त्या टोल्यात राग असता तर बरे झाले असते. तो इतका हलका होता की मी नीट वाजलोसुद्धा नाही. काठी परत देऊन तो मांडवाच्या मागच्या बाजूने निघून गेला आणि भाग्यलक्ष्मी त्याच्या मागोमाग गेली.

दुसऱ्या दिवशी प्रतिमाला जिन्यात सगळे समजले. तिने घरात येऊन हरीला सांगितले. हरी तसाच, चप्पल न घालता, वर गेला. परत आला तेव्हा प्रतिमाने विचारले, “काय म्हणाला?”

“म्हणाला, गाणं झकास होतं.”

“आणि?”

“आणि काही नाही. पाणी दे.”

त्यानंतर हरीचे गाणे खचत गेले. मंडळाचा नवा चिटणीस क्षितिज भला मुलगा होता, पण धसकला होता. त्याने येऊन नम्रपणे सांगितले, “काका, यंदा थोडं पॉझिटिव्ह ठेवूया. नावं नकोत कोणाची.” एरवी हरीने त्याच्यावरच कडवे रचले असते. आता त्याने मुकाट मान हलवली. त्याने डासांवर गाणे केले, पावसावर केले. डास काही उठून टोला द्यायला येत नाहीत. लोक टाळ्या वाजवायचे आणि फोनकडे वळायचे. पुढच्या वर्षी आमच्या जागी डीजे आला आणि मी गॅलरीत आलो.

दयानंदने फ्लॅट विकला. लेकीच्या नोकरीसाठी विमानतळ जवळ पडेल असे सांगून ती मंडळी देवनहळ्ळीला, शेते मोडून प्लॉट पाडलेल्या एका लेआउटमध्ये, राहायला गेली. जाताना तो खाली निरोप घ्यायला आला होता. चहा घेतला, सगळ्यांची चौकशी केली. एकदाही हर्‍या म्हणाला नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी भाग्यलक्ष्मी आली. वाळलेली दिसत होती. प्रतिमाने तिला पंख्याखाली बसवले.

“हरीअण्णा, एक मागायला आलोय,” ती म्हणाली. “त्यांची तब्येत ठीक नाही. हार्टचं झालंय. पण ते जाऊ दे. घरात आम्ही सगळी त्यांच्याशी दवाखान्यात बोलल्यागत बोलतो बघा. लेक हळू बोलती, मी हळू बोलते. त्या गणपतीपासून त्यांची चेष्टा म्हणून कोणी केली नाही. ते एकदा मला म्हणाले, मी मेलोय की काय, सगळी एवढं चांगलं वागतात ते.”

हरीने गॅलरीत माझ्याकडे पाहिले.

“तुम्ही या की एकदा. स्वल्प चिडवा त्यांना. त्यांनी पपई लावलीया, ती रोज शेजारची म्हैस खाते. त्याच्यावर करा काहीतरी.”

“वहिनी, माझ्याच्यानं आता…”

“तुमच्याशिवाय कोणाच्यानं होणार?” ती म्हणाली आणि उठली.

त्या रविवारी हरीने कुंडी काढून ठेवली. मला चिंच लावून घासले, खोबरेल तेलाचा हात फिरवला. देवनहळ्ळीच्या बसमध्ये मी त्याच्या मांडीवर होतो आणि त्याची बोटे माझ्या काठावर चालत होती. तो कडवे रचत होता. म्हैस, पपई, पहारा करणारा दयानंद आणि त्याच्या डोळ्यांदेखत रवंथ करणारी म्हैस. मित्रांनो, ते त्याचे आजवरचे सर्वांत चांगले कडवे होते. पुढच्या सीटवरची बाई वळून पाहू लागली इतका तो हसत होता. आपला जुना हरी परत आला, असे मला वाटले, आणि मला फार आनंद झाला.

दयानंद व्हरांड्यात खुर्चीवर बसला होता. शर्ट त्याच्या अंगात दुसऱ्याचा वाटत होता. पायांवर सूज होती. त्याने माझ्याकडे पाहिले आणि क्षणभर त्याच्या डोळ्यांत काहीतरी हलले. खुर्चीचे हात धरून तो थोडा पुढे सरकून बसला. भाग्यलक्ष्मी दारात उभी होती.

हरीने काठ्या उचलल्या. मी वाट पाहत होतो. त्याने दयानंदच्या पायांकडे पाहिले, मग चेहऱ्याकडे. त्याने दुसरेच गायला सुरुवात केली. मैत्रीचे, जुन्या दिवसांचे, सज्जन दयानंदचे. तिथल्या तिथे जुळवलेले गोड, मवाळ गाणे. मला ते वाजवावे लागले, पण माझ्या जिवाला ते लागत होते.

दयानंद हळूहळू खुर्चीत मागे टेकला. गाणे संपल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या, सभेतल्या प्रमुख पाहुण्यासाठी वाजवतात तशा.

“छान झालं,” तो म्हणाला. “एवढ्या लांब आलास, त्रास झाला असेल. जेवूनच जा.”

भाग्यलक्ष्मी पाने घ्यायला आत गेली.

परतीच्या बसमध्ये हरीने मला मांडीवर न घेता पायांशी ठेवले. मग स्वतःशीच म्हणाला, “भ्यालो मी.” घरी आल्यावर प्रतिमाला सांगितले, येत्या रविवारी पुन्हा जातो, तेच कडवे घेऊन जातो. त्या रविवारी पाऊस होता. पुढच्या रविवारी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारी नुसतेच जमले नाही. कुंडी माझ्या पोटात परत आली.

मागच्या महिन्यात देवनहळ्ळीहून फोन आला. दयानंद झोपेतच गेला. हरी प्रतिमाबरोबर जाऊन आला. मला नेले नाही, आणि तेही बरोबरच होते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंनी शेवटी सांगायचे असते की आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. तेही कराच. माझ्या पोटातली कुंडी कुणी हलवली तर मी ऋणी राहीन. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. कुणाची थट्टा करायची असेल तर तो कसा आहे, हे आधी त्याला विचारा, आणि तो अगदी जवळचा असेल तर नक्की विचारा. आणि एखादा जवळचा माणूस पडला, खचला, तर त्याला नुसत्या चांगल्या वागण्यावर सोडून देऊ नका. त्याला हसवायचे काही तुमच्याजवळ तयार असेल, तर भीत भीत का होईना, त्याच दिवशी म्हणून टाका. हरीचे ते म्हशीचे कडवे मला पाठ आहे. रोज संध्याकाळी तो गॅलरीत येऊन उभा राहतो, ओठ हलवतो, आणि पुन्हा आत जातो.