खाजेची वही

श्रीपतींच्या वहीत पाच रकाने होते: तारीख, काय खाल्लं, खाज दहापैकी किती, कारण आणि उपाय. पहिले चार रोज भरायचे. उपायाचा मात्र वर्षभर कोराच.

लीलाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, सोरायसिस होऊन सहा वर्षं झाली होती. पण रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते तिला या वहीने दाखवलं. वांगं बंद, चिंच बंद, सोलकढी बंद. हेदवीची मावसबहीण फोनवर काहीतरी बोलली म्हणून दही बंद. आणि पाडव्यापासून, पावसच्या स्वतःच्या बागेतला हापूस घरात पिकत असताना, आंबाही बंद. मोसम संपायला आठवडा उरला होता, आणि नुसता आढीचा वास हुंगून तो घालवायची लीलाची मुळीच तयारी नव्हती.

बरं, एवढं सोडून खाज तरी कमी व्हावी! छे. तिचा हात चुकून कोपराकडे गेला की श्रीपती पेन उघडत. "सुटली का गो? दहापैकी किती?" नसली सुटली तरी त्या प्रश्नाने सुटायची.

गेल्या सोमवारी श्रीपती पुतण्याच्या लग्नासाठी चार दिवस सावर्ड्याला गेले. लग्नघरातल्या टकमक नजरा लीलाला नको होत्या, ती घरीच राहिली. "वही भर हो, खाडे नकोत," ते जाताना बजावून गेले. तिने भरली, खरं तेच लिहिलं. काल संध्याकाळी ते परतले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "किती?" तेव्हा तिने रागाच्या भरात शेवटची ओळ लिहिली आणि वही पिशवीत कोंबली.

आज ती वही कातडीच्या डॉक्टरांच्या टेबलावर उघडी होती. डॉक्टर योगिनी, लीलाच्या मुलीच्या वयाची, ओळींवरून बोट फिरवत वाचत होती.

"सोमवार, भरलं वांगं. खाज दोन. मंगळवार, सोलकढी आणि दोन हापूस. खाज एक. बुधवार, तीन हापूस..."

"तीन?" श्रीपती खुर्चीतून उठलेच.

"खाज एक," डॉक्टर म्हणाली. "काल मात्र नुसती पेज. खाज आठ. कारण : हे." तिने मान वर केली. "हे म्हणजे काय? पुढे लिहायचं राहिलं का?"

लीला पंख्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं ती ज्यांना 'हे' म्हणत होती, ते हळूच खाली बसले. त्यांचा चेहरा बघून डॉक्टरच्याही लक्षात आलं.

"एखाद्याला एखादा पदार्थ सोसत नाही, पण यांचं तसं दिसत नाही," ती हसू दाबत म्हणाली. "कोरडी कातडी, घाम, कढत पाणी, मनाचा घोर, कशानेही खाज वाढते. खाजवलं की आणखी. आणि सारखं विचारलं की लक्ष तिथेच जातं. अंघोळ कोमट पाण्याने करा, लगेच मलम लावा."

"आणि आंबा?" लीलाने विचारलं.

"खा की!"

रिक्षात श्रीपती म्हणाले, "तुला छळायला नव्हतो गो लिहीत. झोपेत खाजवतेस तू. सकाळी चादरीवर रक्त दिसतं. मला दुसरं काय करता येतं?"

लीलाचा अर्धा राग तिथेच उतरला. अर्धा तिने राखून ठेवला, संसारात लागतो.

घरी त्यांनी स्वतः आंबा कापला. तिने पहिली फोड तोंडात घातली आणि नेमका हात कोपराकडे गेला. श्रीपतींचं तोंड उघडलं, आणि मिटलं. ते उठले, मलम घेऊन आले, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि मुकाट्याने, हलक्या हाताने मलम लावत बसले.

मग तिने वही ओढली. कारणाखालचं 'हे' तिने खोडलं नाही. खरं ते खरं. फक्त त्याच ओळीत, उपायाच्या कोऱ्या रकान्यात, पुन्हा एकदा लिहिलं : हे.