बिनकामाची दोरी

“आई, तो उंडा खाली ठेव! व्यायामवाल्या योगिनीताईंनी सहा महिने भार घेऊ नको म्हणून सांगितलंय. ऑपरेशनला चारच झालेत!”

“मग व्याह्यांना सांग, सहा महिन्यांनी जेवायला या. सर बाजूला, धूर लागंल.”

ऐकलंत? पहिला आवाज रविराजचा, दुसरा त्याच्या आईचा, कुसाबाईंचा. उद्या त्याच्या मुलीची, निकिताची, हळद आहे आणि आज व्याह्यांची पंगत. मी कुसाबाईंच्या उजव्या कोपरातली दोरी बोलतेय. भांडण माझ्यावरून चाललंय आणि मलाच कुणी विचारत नाही. म्हणून आपणहून बोलते. गप्प बसणाऱ्यांतली मी नव्हे.

माझा जन्म कोपरातला नाही. मी मूळची मनगटावरची. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट जरा वाकवा. मधोमध कातडीखाली एक तार उभी राहते ना, ती मी. नाही राहिली तर घाबरू नका. कित्येकांना मी नसतेच, आणि त्यांचं काही अडतही नाही. हे मला फार झोंबतं, पण खरं ते खरं.

पासष्ट वर्षं मी कुसाबाईंच्या बांगड्यांखाली काढली. बाई खापराचे मांडे करतात. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेला कणकेचा उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत पार कोपरापर्यंत वाढवायचा आणि खापरावर अलगद सोडायचा. आडगावपासून म्हसरूळपर्यंत लग्न ठरलं, की लोक आधी कुसाबाईंना विचारायचे आणि मग भटजींना. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सासू मांडे करायला बसली की सुनेला पाण्याला पिटाळायची. बाईंनी दाराच्या फटीतून बघून विद्या चोरली. आणि चोरीचा माल लपवावा तशी स्वतःच्या सुनेपासून लपवली. तेजश्रीला या घरात येऊन पंचवीस वर्षं झाली. ती पुरण वाटते, चूल पेटवते, पण खापरापाशी तिला बसू देत नाहीत. “हे शिकवून येत नसतं,” असं बाई म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी बाई खापर घेऊन गच्चीचा जिना उतरताना घसरल्या. पडताना माणूस स्वतःला सावरतो. बाईंनी खापर सावरलं! खापराला ओरखडा नाही, कोपर मात्र जागचा निघाला. हाडं बसवणाऱ्या बाबांनी एका हिसक्यात तो बसवला आणि नारळ घेऊन ते गेले. हाड बसलं, पण त्याला जागेवर धरणारा बंध तुटला होता. बाबांना तो दिसला नाही आणि बाईंनी दिसू दिला नाही.

तेव्हापासून तळहात वर करून भार घेतला की कोपर खटकन सरकायचा आणि मांडा चुलीत. बाई म्हणाल्या, गव्हात चिकटा नाही. गहू बदलले. मग पुरण पातळ ठरलं. मग शेजारच्या लताबाईची नजर लागली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना कोपर सटकला, तर खुर्ची बदलली. माणसांची ही तऱ्हा मी जवळून पाहिलीय. अंग सोडून सगळं बदलून बघतात.

शेवटी रविराजनं गंगापूर रोडच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाईंना झोपवून हात डोक्यावर घेतला आणि पिळून दाबला. बाईंनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. डॉक्टर हसून म्हणाले, “बंध नवा करावा लागेल. दोरी तुमचीच घेऊ, मनगटातली. तिचं तिथं काही काम नसतं.”

काही काम नसतं! पासष्ट वर्षांची नोकरी, आणि निरोपाला हे भाषण!

रविराजनं लगेच स्वतःचं मनगट वाकवून पाहिलं. तार उभी राहिना. बाईंना दुखण्यातही हसू फुटलं. “तुला देवानं दोरीच दिली नाय रे! तरीच म्हटलं, गॅसची टाकी उचलताना तुला बायको का आठवती.”

मग मला मनगटातून काढलं, कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यांतून ओवलं, ताणलं आणि पक्कं बांधलं. प्रवास वीतभराचा, पण जन्म बदलला. पहिले काही आठवडे मी मेल्यागत होते. नव्या जागी रक्त पोचायला, हाडात मुरायला महिने लागतात. सासरी आलेल्या पोरीला पहिल्याच दिवशी भरला हंडा दिला, तर ती कोलमडणारच. योगिनीताई व्यायाम घेतात, त्या हेच सांगून थकल्या. मीही हात जोडून सांगते: दुखणं गव्हावर ढकलू नका आणि माझ्यासारखीला मुदत द्या. मी तुटले, तर बाईंचं खापर कायमचं थंड होईल.

पण बाईंनी उंडा खाली ठेवलाच नाही. तळहात वर केला. मी ताणली गेले, अगदी तडकण्याच्या बेतात.

तेवढ्यात तेजश्रीनं तो उंडा त्यांच्या हातातून काढून घेतला.

“द्या आत्या. मी करते.”

“तू? कधी शिकलीस?”

“चार महिने गच्चीवर ओला टॉवेल हातांवर झुलवतेय.”

“म्हणून घरातले टॉवेल वाळंनात होय!” बाई कडाडल्या. “अगं, टॉवेल अन् मांडा एक हाय का? व्याह्यांपुढं माझं नाव घालवशील!”

तेजश्री चुलीशेजारी उकिडवी बसली. उंडा झुलवला, मनगटापर्यंत नेला, कोपरापर्यंत नेला आणि सोडला. खापरावर पडता पडता मांडा मधोमध फाटला. पुरण निखाऱ्यावर सांडून चरचरलं.

“झालं!” रविराज म्हणाला. “मी हॉटेलातून जिलबी मागवतो.”

“मागव, मागव! पाटीच लाव दारावर, कुसाबाई संपली म्हणून!”

तेजश्रीचे डोळे भरून आले. पदर खोचत ती उठायला लागली. बाईंनी त्या फाटक्या मांड्याकडे पाहिलं. मग डाव्या, धड हातानं त्यांनी सुनेचं मनगट धरलं आणि तिला खापरासमोर, स्वतःच्या पाटावर, खाली ओढलं.

“बस गं! माझा पयला मांडा गाढवानंबी हुंगून सोडला होता. घे दुसरा उंडा, अन् कोपर अंगाला चिकटवू नको.”